चार कड्या

ओसाकात भाव न करता घेणं
म्हणजे दुकानदाराशी न बोलताच उठून जाणं.
सोनोए कुवाबारा तशातल्या नव्हत्या.
वय एकोणऐंशी. खुर्चीत बसल्या, पाय जमिनीला टेकेनात,
आणि काचेवर ठेवला त्यांनी
बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा.

मी मागच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग,
कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडून बसलेला.
भिंगातून चाकंच दिसतात.
कान मोकळे असतात.

डब्यात व्हाउचरं. हजार हजार येनची,
रबर वितळून चिकटलेल्या गड्ड्या,
आणि दर गड्डीवर पेन्सिलीतली चिठ्ठी:
उन्हाळ्याची भेट, कारखान्याचे साहेब.
वर्षअखेर, दातांचे डॉक्टर.
शेजारची मिसावा, तिच्या सासऱ्याच्या अंत्यविधीला
आपण पाकीट दिलं, त्याची परतफेड.
तळाशी एक कोरी करकरीत गड्डी.
"ही यांच्या वेळची," त्या म्हणाल्या,
"आलेल्यांना परत द्यायला आणली होती.
वाटलं होतं तेवढे लोक आले नाहीत."

निशिवाकींनी मान खाली घातली, मग मोजायला घेतलं.
दोनदा मोजलं. आठ लाख बारा हजार.
घड्याळ आठ लाख चाळीसचं.
"थोडं खाली या की," बाई म्हणाल्या,
भाजीवाल्याला म्हणावं तसं.

"रोख असती तर काही करता आलं असतं.
व्हाउचरं वटवताना आमचेच पैसे कापले जातात.
त्यावर आणखी सूट कुठून देऊ?"

"रोख काय, कुणीही कमावतं.
हे जमवायला चाळीस वर्षं
माणसांशी नीट वागावं लागलं."

माझ्या हातातला स्क्रू निसटला.
तो शोधत मी टेबलाखाली गेलो
आणि जरा वेळ तिथेच राहिलो.

"साहेबांची आठवण म्हणून घेताय?"
निशिवाकींनी आवाज मऊ केला.
"छे! ते जन्मभर उशिरा आले.
मला हवंय. माझ्या हातावर."

हातावर चढवलं, तर सरकत कोपरापर्यंत गेलं.
नाकापेक्षा मोती जड, तसा तो प्रकार.
मला हाक मारली. मी पट्ट्यातल्या कड्या काढल्या,
एक, दोन, तरी सैल,
तीन, चार. आता बसलं.
काढलेल्या चार मखमलीवर ठेवल्या.

बाईंनी त्या बोटाने एका रांगेत लावल्या.
"या कुणाच्या?"
"तुमच्याच. पिशवीत घालून देतो."
"पण मी त्या घालणार नाही.
मासा घेताना डोकं नको म्हटलं
तर मासेवाला तेवढं कमी करतो.
वजा करा."

निशिवाकी बावीस वर्षं याच काउंटरवर.
छताकडे बघितलं त्यांनी. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.
"एका कडीला काय पडतं हो?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत होतं. सुटी कडी मागवली
तर कंपनी अकरा हजार लावते.
चार अकरे चव्वेचाळीस,
म्हणजे दुकानच बाईंचं देणं लागलं असतं.
मी त्यांच्या हाताकडे बघितलं, डब्याकडे बघितलं,
अठ्ठावीसला चाराने भागलं.
"सात हजार," मी म्हणालो, "असेल साधारण."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
इतका वेळ, की नव्या घड्याळाचा काटा
अर्धा फेरा मारून गेला.
मग म्हणाल्या, "सात ठीक आहे."
आणि बाहेर पडताना वाकल्या,
निशिवाकींना एकदा,
मला दोनदा.

डबा इथेच राहिला.
विसरल्या की ठेवून गेल्या, कोण जाणे.
चार कड्या त्यात आहेत.
जाड मनगटाचं गिऱ्हाईक येतं, जादा कडी मागतं,
निशिवाकी माझ्याकडे बघतात.
मी म्हणतो, मागवावी लागेल.
तीन आठवडे लागतील.